झटका ओसरल्यानंतरचा आठवडा

(आपल्या सिनेगॉगच्या सभागृहातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा हा ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर आहे. वक्त्या निवृत्त परिचारिका असून भारतात परिचर्येची पदविका घेतल्यानंतर त्यांनी इस्राएलमध्ये हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात दीर्घकाळ सेवा केली. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन शेवटी दिले आहेत.)



हृदयविकाराचा झटका कसा ओळखावा, याविषयी आपण पुष्कळदा ऐकले आहे. छातीत कळ येते, घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो. मग १०१ क्रमांकावर दूरध्वनी, मागेन दाविद अदोमची रुग्णवाहिका, मिऊन, आणि तेथून थेट त्सिन्तूर. बंद पडलेली धमनी उघडली जाते, तीत जाळीची नळी बसते आणि कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तो निःश्वास योग्यच असतो. परंतु थोड्या रुग्णांच्या हृदयात त्यानंतरच्या आठवड्यात एक निराळेच संकट उद्भवते. हृदयाचा मृत झालेला भाग अक्षरशः फाटतो. तेथे औषधे फारसे काही करू शकत नाहीत. फाटलेले शिवावेच लागते. ही शस्त्रक्रिया काय असते, ती कधी तातडीने करतात व कधी मुद्दाम थांबून करतात, आणि त्या वेळी नातेवाइकांनी काय जाणून घ्यावे, हा आजचा विषय आहे.

चार खोल्यांचे घर

हृदय म्हणजे चार खोल्यांचे घर आहे, असे समजा. दोन खोल्या वर, दोन खाली. खालच्या डाव्या खोलीची भिंत सर्वांत जाड, कारण सर्व शरीराला रक्त पोहोचविण्याचे काम तिचे. खालच्या दोन खोल्यांच्या मध्ये स्नायूंचा एक पडदा आहे. डावीकडील वरच्या व खालच्या खोलीत दोन पाळ्यांचे एक दार आहे; त्याला आपण झडप म्हणतो. हे दार उलट्या दिशेने उघडू नये म्हणून त्याच्या पाळ्यांना बारीक दोऱ्या असतात, आणि त्या दोऱ्या भिंतीतून निघालेल्या स्नायूंच्या दोन खुंटांना बांधलेल्या असतात.

झटक्यात धमनी बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो. अर्ध्या तासाच्या आतच ही क्रिया सुरू होते व काही तासांत ती बरीचशी पूर्ण होते. त्यानंतर शरीर मृत भाग साफ करू लागते. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे जमतात आणि मृत स्नायू विरघळवितात. पुढे त्या जागी चिवट व्रण तयार होतो. पण त्याला दुसरा आठवडा उजाडतो, आणि तो पुरता घट्ट होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे जुने गेले आहे आणि नवे अद्याप आलेले नाही, असा एक काळ मध्ये येतो. कोकणात आपल्या वाडवडिलांनी मातीच्या भिंतींची घरे पाहिली होती. मुसळधार पावसात ती भिंत भिजली तरी लगेच पडत नसे. आत पाणी मुरले की दोन-चार दिवसांनी एकाएकी खचत असे. हृदयाचेही काहीसे तसेच आहे. काही भिंती पहिल्या चोवीस तासांतच फाटतात, तर काही साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. नेमक्या याच दिवसांत रुग्ण उठून बसलेला असतो, चहा मागत असतो आणि घरी कधी सोडणार म्हणून विचारत असतो.

कोठे फाटते?

फाटण्याच्या जागा मुख्यतः तीन.

पहिली म्हणजे बाहेरची भिंत. ती फाटली की रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साठते, हृदय बाहेरून दाबले जाते व त्याला फुलता येत नाही. बहुतेक वेळा काही मिनिटांतच सर्व संपते. क्वचित रक्त हळूहळू झिरपते. तेव्हा रुग्णाला शस्त्रक्रियागृहापर्यंत नेण्यास वेळ मिळतो.

दुसरी जागा मधल्या पडद्याची. त्याला भोक पडले की डावीकडील रक्त उजवीकडे जाते व पुन्हा फुप्फुसांत शिरते. फुप्फुसे रक्ताने तुंबतात, तर मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडते. पुढच्या बाजूच्या झटक्यात हे भोक बहुधा हृदयाच्या टोकाजवळ असते. खालच्या बाजूच्या झटक्यात ते खोल, वाकड्यातिकड्या वाटेचे असते आणि शिवण्यास अधिक कठीण.

तिसरी जागा म्हणजे झडपेच्या दोऱ्यांचा खुंट. दोन खुंटांपैकी पुढच्या खुंटाला बहुधा दोन धमन्यांतून रक्त मिळते. मागच्या खुंटाला बहुधा एकाच धमनीतून. म्हणून मागचाच खुंट अधिक वेळा तुटतो. विशेष हे की, झटका लहान असला तरी तो तुटू शकतो. खुंट तुटला की दार सताड उघडे राहते, रक्त उलटे फुप्फुसांकडे जाते आणि रुग्ण पाण्यात बुडत असल्यासारखा गुदमरतो.

याखेरीज एक मंद गतीने होणारा बिघाड आहे. भिंत फाटत नाही, पण पातळ होऊन फुग्यासारखी बाहेर येते. हा फुगा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसून येतो. त्यात रक्ताच्या गुठळ्या होतात, हृदयाची लय बिघडते, दम लागतो. कधी कधी मात्र हा फुगा खरा नसतो: भिंत प्रत्यक्षात फाटलेली असते आणि बाहेरच्या आवरणाने ती कशीबशी झाकून धरलेली असते. असा खोटा फुगा केव्हाही फुटू शकतो, म्हणून तो आढळताच बहुधा शस्त्रक्रिया सुचविली जाते.

खाटेजवळ दिसणारी चिन्हे

परिचारिका म्हणून आम्हांला शिकविले गेले होते की, झटक्यानंतरच्या प्रत्येक पाळीत रुग्णाची छाती नव्याने ऐकावी. पडदा फाटला असेल तर काल नसलेला एक खरखरीत आवाज आज ऐकू येतो. छातीवर तळहात ठेवला तर मांजर गुरगुरत असताना तिच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी थरथर जाणवते. खुंट तुटला असेल तर आवाज मंद असतो, कधी नसतोही. पण श्वास भराभर वाढतो. रक्तदाब उतरतो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, माणूस अस्वस्थ होतो व त्याला आडवे पडवत नाही. खाटेजवळच प्रतिध्वनीची तपासणी, म्हणजे इको, केली की काही मिनिटांत कोठे काय फाटले ते दिसते.

येथे एक विनंती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा दम लागला, तर पुष्कळ रुग्ण तो लपवितात. घरी जाणे लांबेल, शब्बाथ रुग्णालयात जाईल, नातवाच्या बार मित्स्वाला जाता येणार नाही, अशी भीती त्यांना वाटते. आपली आई किंवा वडील एकाएकी गप्प झाले, उशाला आणखी एक उशी मागू लागले, तर उशी देऊन थांबू नका. परिचारिकेला बोलवा.

शिवणार कशाला?

आता शस्त्रक्रियेकडे वळू. पडदा फाटण्याचे वर्णन लेथम या इंग्रज वैद्याने १८४५ साली केले होते. परंतु जिवंत माणसाच्या हृदयाच्या आत शिवणकाम करता येण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुसे यांचे काम करणारे यंत्र लावून हृदयावरील शस्त्रक्रिया यशस्वी केली, आणि पुढचा मार्ग खुला झाला. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ह्यूस्टनचे डेन्टन कूली व त्यांचे सहकारी यांनी झटक्यानंतर फाटलेला पडदा शिवल्याचा वृत्तान्त १९५७ साली प्रसिद्ध केला. १९५८ साली कूली यांनीच या यंत्राच्या साहाय्याने भिंतीचा फुगाही काढला.

शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उघडतात, रक्त यंत्राकडे वळवितात आणि हृदय थंड करून थांबवितात. पडद्यापर्यंत पोहोचण्यासाठी मृत झालेल्या भिंतीतूनच वाट काढतात, म्हणजे चांगला स्नायू वाया जात नाही. मग गाईबैलाच्या हृदयावरणाचे किंवा कृत्रिम कापडाचे ठिगळ लावून भोक बंद करतात.

खरी अडचण येथेच आहे. ताजा मृत स्नायू टाका धरीत नाही. दुधात भिजलेल्या भाकरीला सुई-दोऱ्याने ठिगळ लावून पाहा: टाका ओढला की भाकरी फाटते. म्हणून शल्यचिकित्सक फाटलेल्या कडेला टाका घालत नाहीत. दूर, निरोगी स्नायूपर्यंत जाऊन तेथे घालतात. शिंपी पातळ कापडाला बटण लावताना आतून अस्तराचा तुकडा ठेवतो, तशा जाड नमद्याच्या पट्ट्या टाक्यांखाली ठेवतात. टोरोंटो येथील टिरोन डेव्हिड यांनी याच विचाराची एक पद्धत रूढ केली. तीत मोठे ठिगळ आतून निरोगी स्नायूला शिवतात आणि भोकासकट सगळा मृत भाग खोलीच्या बाहेर टाकतात. मृत भाग जागेवरच राहतो, पण रक्ताचा दाब त्याच्यावर पडत नाही.

खुंट तुटला असेल तर बहुधा झडपच बदलतात. काही निवडक रुग्णांत तिची दुरुस्ती शक्य असते. बाहेरच्या भिंतीतून झिरप असेल तर कधी टाक्याविना, ठिगळ व जैविक गोंद यांनीही ती थांबविता येते. त्याच वेळी इतर अरुंद धमन्यांसाठी बायपास करायची की नाही, हेही ठरवितात. फुग्यासाठी फ्रान्सचे व्हिन्सेंट डॉर यांनी १९८० च्या दशकात आतून ठिगळ लावून खोलीला मूळ आकार देण्याची पद्धत आणली. तथापि हृदय मोठे झालेल्या सर्वांनाच तिचा लाभ होतो असे नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, १,००० रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात बायपासला अशी आकार-दुरुस्ती जोडल्याने आयुष्य वाढले नाही. म्हणून आज ती निवडक रुग्णांतच करतात.

आज की थांबून?

नातेवाइकांची सर्वाधिक तगमग या प्रश्नाने होते. खुंट तुटला असेल किंवा बाहेरची भिंत झिरपत असेल, तर उत्तर सरळ आहे: ताबडतोब. पडद्याच्या भोकाबाबत उत्तर इतके सरळ नाही. थांबले तर मृत भागाच्या कडा घट्ट होतात व टाका धरतात. पण थांबण्याच्या काळात रुग्ण दगावू शकतो. अमेरिकेतील १९९९ ते २०१० या काळातील अशा २,८७६ शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एकूण सुमारे ४३ टक्के रुग्ण वाचू शकले नाहीत. झटक्यानंतर सात दिवसांच्या आत ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. सात दिवसांनंतर झालेल्यांत सुमारे १८ टक्के.

हे आकडे वाचून कोणी म्हणेल, मग सर्वांनाच थांबवावे. तसे नाही. जे अधिक आजारी होते त्यांना थांबविणे शक्यच नव्हते, आणि थांबलेल्यांपैकी जे मधल्या काळात गेले ते शस्त्रक्रियेच्या नोंदीत आलेच नाहीत. ज्यांची मूत्रपिंडे काम करीत आहेत, रक्तदाब टिकून आहे, त्यांना डॉक्टर काही दिवस सांभाळू पाहतात. ज्यांची प्रकृती ढासळत आहे त्यांच्यासाठी थांबणे म्हणजे गमावणे.

सांभाळण्याची साधने आज पूर्वीपेक्षा चांगली आहेत. महाधमनीत एक लांबट फुगा ठेवतात. हृदय विसावले की तो फुगतो, आकुंचन पावू लागले की मिटतो, आणि त्यामुळे हृदयावरील ओझे हलके होऊन भोकातून उलट जाणारे रक्त कमी होते. एड्रियन कॅन्ट्रोविट्झ यांनी हा फुगा १९६७ साली ब्रुकलीनमधील मायमोनिडीझ रुग्णालयात रुग्णांवर प्रथम वापरला. म्हणजे आपल्या रामबाम यांचे नाव धारण करणाऱ्या रुग्णालयात. त्याहून अधिक आधार हवा असेल तर एक्मो हे यंत्र काही दिवस हृदय व फुप्फुसांचा भार उचलते. ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही किंवा शस्त्रक्रियेनंतर लहानशी गळती राहिली आहे, अशा काहींमध्ये जांघेतून नळी घालून भोकावर छत्रीसारखे झाकण बसवितात.

म्हणून रुग्ण यंत्रांच्या आधारे पडून आहे आणि डॉक्टर अजून शस्त्रक्रिया करीत नाहीत, असे दिसले तर ते दुर्लक्ष आहे असा समज करून घेऊ नका. त्याच वेळी विचारण्यास संकोचही करू नका. चार प्रश्न लिहून ठेवा. नेमके काय फाटले आहे? आज करणे आणि थांबणे, यांत या रुग्णासाठी धोका कशात अधिक? शस्त्रक्रिया केलीच नाही तर काय होईल? आणि मूत्रपिंडे व मेंदू यांची आजची स्थिती काय? कुटुंबातून एकाच व्यक्तीने डॉक्टरांशी बोलावे. रुग्ण शुद्धीवर असेल तर निर्णय त्याचा आहे. मुलांनी बाहेर आपसांत ठरवून त्याला केवळ सही करायला सांगू नये.

आपल्या हाती काय आहे?

धमनी लवकर उघडण्याची सोय नव्हती तेव्हा पडदा फाटण्याचे प्रमाण झटका आलेल्या शंभरांत एक ते दोन होते. आज ते हजारात दोन-तीनवर आले आहे. हा फरक मुख्यतः वेळेवर पोहोचण्याने पडला आहे. जे उशिरा येतात त्यांच्यात धोका अधिक. वृद्ध, स्त्रिया, उच्च रक्तदाबाचे रुग्ण व ज्यांचा हा पहिलाच झटका आहे त्यांच्यातही अधिक. २०२० साली साथीच्या भीतीने लोक रुग्णालयात जाण्याचे टाळू लागले, तेव्हा फाटलेल्या हृदयांचे रुग्ण पुन्हा दिसू लागल्याचे अनेक देशांतील डॉक्टरांनी नोंदविले.

आपल्या समाजात मधुमेह पुष्कळ घरांत आहे, आणि मधुमेही व वयस्क स्त्रियांत छातीत कळ न येताही झटका येतो. केवळ दम, मळमळ, विलक्षण थकवा. आपल्या बायका त्याला पित्त म्हणतात, आल्याचा रस घेतात आणि स्वयंपाकाला लागतात. हे थांबविणे आपल्या हाती आहे.

शस्त्रक्रियेनंतर छातीचे हाड जुळण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. त्या काळात जड उचलू नये, हातांच्या जोरावर खुर्चीतून उठू नये. रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर कुपात खोलीमच्या डॉक्टरांना कळवावे, कारण ते बहुधा साठलेले पाणी असते. लोणचे व पापड बाजूला ठेवावेत. रक्त पातळ करणारी कुमाडिनची गोळी असेल तर मेथी-पालक सोडू नये, पण एक दिवस खूप व चार दिवस मुळीच नाही असेही करू नये. प्रमाण सारखे ठेवावे. झडप बदलली असेल तर दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला सांगावे. आणि रुग्ण उदास झाला, रडू लागला, तर त्याला कृतघ्न म्हणू नये. इतक्या मोठ्या संकटानंतर असे पुष्कळांना होते, आणि त्यावरही उपचार आहेत.

श्रोत्यांचे प्रश्न

*सिस्टर, डुकराची झडप बसविणे आपल्या धर्मात चालते काय?*

चालते. तोराची मनाई खाण्याविषयी आहे. शरीरात झडप बसविणे म्हणजे खाणे नव्हे. शिवाय प्राण वाचविण्याचा प्रश्न आहे. तरीही मनाला बोचत असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे; बैलाच्या हृदयावरणाच्या झडपाही मिळतात आणि धातू-कार्बनच्याही. मात्र शेवटच्या प्रकारात रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते.

*शब्बाथला त्रास सुरू झाला तर हवदाला होईपर्यंत थांबावे काय?*

मुळीच नाही. पिकुआख नेफेश शब्बाथच्या वर आहे. फोन उचलणे, गाडीत बसणे, दिवा लावणे, हे त्या वेळी केवळ क्षम्य नसून कर्तव्य आहे. शुल्हान आरूखनुसार अशा वेळी त्वरा करणाराच प्रशंसेस पात्र ठरतो. सूर्यास्तापर्यंत थांबलेले सहा तास म्हणजे सहा तासांत मेलेला स्नायू, आणि पुढच्या आठवड्यात फाटतो तो तोच.

*वडील ८५ वर्षांचे असतील तर शस्त्रक्रियेस संमती द्यावी काय?*

केवळ वयाचा आकडा पाहून उत्तर देता येत नाही. झटक्यापूर्वी ते चालतफिरत, सिनेगॉगला येत होते काय, स्मृती कशी होती, इतर आजार किती, हे पाहावे लागते. खुंट तुटलेल्या रुग्णांपैकी जे शस्त्रक्रियेतून तरतात, त्यांचे पुढील आयुष्य झटका आलेल्या इतर रुग्णांच्या जवळपास असते. म्हणून तेथे वयाकडे पाहून सहज नकार देऊ नये. परंतु शरीर आधीच थकलेले असेल, मूत्रपिंडे बंद पडली असतील, तर शस्त्रक्रिया न करता वेदना व गुदमर कमी करणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय होऊ शकतो. राव्हचा सल्ला घ्यावा, डॉक्टरांचा घ्यावा. पण सर्वांत उत्तम सल्ला वडिलांचाच, आणि तो ते धडधाकट असताना विचारून ठेवावा. शुक्रवारी रात्री किद्दूशनंतर सर्वजण जेवायला एकत्र बसतात, तेव्हा हा विषय काढण्यास हरकत नाही. मी आमच्या घरी काढला आहे.

आपल्यातील सर्व आजाऱ्यांना रफुआ शलेमा लाभो. आमेन.